माऊस, स्टिक आणि जाळ्यातलं कासव

आपला नेम गेला तरी कुठे, हेच चैत्रालीला कळत नव्हतं.

पुण्याच्या घरी ती संगणकावर ‘तारादुर्ग’ हा गेम खेळायची, तेव्हा भरधाव उडणारं लोखंडी वटवाघूळसुद्धा तिच्या तडाख्यातून सुटायचं नाही. सुट्टीत ती वेंगुर्ल्याला वैजूआत्याकडे आली. तिचा चुलतभाऊ यदुनाथ सांगलीहून आला होता आणि येताना आपला कन्सोल (टीव्हीला जोडून खेळायचं खास गेमयंत्र) घेऊन आला होता. तोच गेम, तीच वटवाघळं. फक्त माऊस आणि कीबोर्डाच्या जागी हातात कंट्रोलर, म्हणजे दोन्ही अंगठ्यांखाली एकेक छोटी स्टिक असलेली मूठ.

आणि चैत्रालीला समोरची भिंतही टिपता येईना! नेमाचं वर्तुळ डावीकडे न्यावं, तर ते वटवाघळाला ओलांडून पार पलीकडे जायचं. मागे आणावं, तर पुन्हा ओलांडायचं.

“तुझा कंट्रोलर बिघडलाय,” ती वैतागून म्हणाली.

यदूने कंट्रोलर घेतला आणि वटवाघळं पटापट पाडली. पण त्याच वेळी चैत्रालीला एक विचित्र गोष्ट दिसली. वर्तुळ वटवाघळाजवळ आलं की आपोआप मंदावत होतं. जणू कुणीतरी अदृश्य हाताने ते धरून ठेवत होतं.

“ही लबाडी आहे! तू जिंकतच नाहीस, तुझं यंत्र जिंकतं!”

यदूचा चेहरा पडला. त्याने कन्सोलची वायर गुंडाळली आणि तो खोलीत निघून गेला. तेव्हापासून त्याने तिच्याशी बोलणंच टाकलं. नाश्त्याला घावणे होते, तर “आत्या, तिला चटणी सरकवायला सांग,” असं तिच्यासमोरच म्हणाला.

चैत्रालीला वाईट वाटत होतं, पण आपलं चुकलं कुठे हेही समजत नव्हतं. यंत्र मदत करत होतं, हे तर तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

वैजूआत्या सागरी संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ होती. ‘मासोळी’ नावाचं यंत्र ती बंदरावरच्या खोलीत बसून समुद्राच्या तळाशी चालवायची आणि तळाशी अडकलेली जुनी जाळी कापून काढायची. भांडणाचा सगळा वृत्तान्त ऐकल्यावर ती दोघांनाही आपल्याबरोबर केंद्रात घेऊन गेली.

तिथे तिने चैत्रालीच्या हातात एक विजेरी दिली. “भिंतीवरच्या त्या घड्याळावर झोत टाक बघू.”

चैत्रालीने क्षणात टाकला.

“हात हलला तेवढाच झोत हलला, हात थांबला की झोतही थांबला. बरोबर? माऊस असाच असतो. माऊस कुठे सरकला, त्यावर नेम कुठे जाणार ते ठरतं. याला आम्ही स्थाननियंत्रण (जागा थेट ठरवणं) म्हणतो. आता हे कर.”

आत्याने एक फिरता दिवा लावला. त्याला एक स्टिक जोडलेली होती. चैत्रालीने ती जराशी डावीकडे लोटली, तर झोत डावीकडे निघाला. तिने स्टिक तशीच धरून ठेवली, पण झोत काही थांबेना. घड्याळ मागे पडलं, खिडकी मागे पडली.

“अगं, मी तर आता हात हलवतही नाहीये! मग हा का पळतोय?”

“कारण स्टिकने तू जागा ठरवत नाहीस, वेग ठरवतेस. नळ आठव. चावी थोडी फिरवली की बारीक धार, जास्त फिरवली की मोठी. पण बादली किती भरणार, ते चावी सांगत नाही. बादली भरत आली की वेळेवर नळ बंद करावा लागतो. स्टिक ही नळाची चावी आहे. याला वेगनियंत्रण म्हणायचं.”

चैत्राली विचारात पडली. म्हणजे ती कंट्रोलरला माऊस समजून अंगठा हलवत होती! वटवाघूळ गाठल्यावर स्टिक सोडायची असते, हे तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं.

“आणि माऊस सरकवायला टेबलभर जागा असते, अख्खा हात असतो,” आत्या पुढे म्हणाली. “अंगठ्याखालच्या स्टिकला जागा किती? नखाएवढी. तेवढ्यात मंद, जलद, सगळं बसवायचं. म्हणून कन्सोलवर गेम बनवणारे लक्ष्यसाहाय्य देतात. नेम लक्ष्याजवळ आला की वेग कमी करणारी सोय. ती लपवलेली नसते. सेटिंगमध्ये सगळ्यांना दिसते.”

यदू खिडकीबाहेर बघत पुटपुटला, “आत्या, तिला सांग, ते बंद करूनही मी खेळतो.”

चैत्रालीचे कान तापले. तरी तिचा गोंधळ काही संपला नव्हता. “मग माऊसच चांगला ना? तू मासोळीला स्टिक का लावलीस?”

 केंद्राच्या मोठ्या टाकीत सरावासाठी दुसरी एक मासोळी होती, तिला आत्याने माऊस जोडला. “चालव.”

चैत्रालीने माऊस झटकन सरकवला. काहीच झालं नाही. म्हणून आणखी सरकवला. मग मासोळी सावकाश वळू लागली आणि वळतच राहिली, इतकी की तिचं नाक टाकीच्या भिंतीला लागलं. मागे आणायला गेली, तर ती दुसऱ्या भिंतीकडे निघाली.

“गेममधला नेम म्हणजे पडद्यावरचं चित्र. त्याला वजन नसतं,” आत्या म्हणाली. “मासोळी जड आहे आणि पाणी तिला अडवतं. हात पोचतो तिथे ती लगेच पोचूच शकत नाही. तिला ‘इतक्या वेगाने वळ’ असं सांगणंच सोपं.”

“आणि कीबोर्डाने चालताही धड येत नाही,” यदूला राहवलं नाही. “कळ एक तर दाबलेली, नाहीतर सोडलेली. स्टिकने हळू, थोडं जोरात, तिरकं, हवं तसं जाता येतं.”

तो चुकून थेट तिच्याशीच बोलला होता. लक्षात येताच त्याने तोंड फिरवलं.

तेवढ्यात रेडिओ खरखरला. सौरहोडीवरून समुद्रात सोडलेल्या मासोळीची केबल आणि तिच्या कॅमेऱ्याचा पडदा सांभाळणारे पास्कूकाका घाईघाईने बोलत होते. “मॅडम, खाली बघा! कासव जाळ्यात अडाकला हा!”

आत्याने खोलीतला पडदा सुरू केला. हिरवट पाण्यात खडकाला गुंडाळलेलं नायलॉनचं जुनं जाळं होतं आणि त्यात एक मोठं कासव. वल्ह्यासारखा पुढचा एक पाय आणि मान अडकलेली. ते धडपडत होतं, थकून थांबत होतं, पुन्हा धडपडत होतं.

“समुद्रात राहत असलं तरी कासवाला हवेतच श्वास घ्यावा लागतो,” आत्या खुर्चीत बसत म्हणाली. “लवकर वर गेलं नाही तर ते गुदमरेल.”

मासोळीच्या तोंडाशी एक नळी होती. तिच्यातून सुटणारी पाण्याची बारीक, जोरकस धार नायलॉन कापायची. एका स्टिकने मासोळी स्थिर धरायची आणि दुसरीने नळीचा नेम धरायचा. पण आज लाटांची ओढ मोठी होती. आत्या मासोळी सावरायची, तोवर नेम सुटायचा. नेम धरायची, तोवर मासोळी वाहायची. धार मानेच्या फार जवळून गेली आणि आत्याने दचकून ती बंद केली.

“आत्या, ती नळी हलकी आहे?” चैत्रालीने विचारलं.

“अगदी हलकी. का गं?”

“मग ती माऊसने हलेल! मासोळी जड आहे, ती स्टिकने. यदू मासोळी धरेल, मी नेम धरते.” मग ती यदूकडे वळली. “धरशील? तुझ्याइतकं मला नाही जमणार.”

यदू खुर्ची ओढून बसला. आत्याने क्षणभर दोघांकडे पाहिलं आणि माऊस नळीला जोडला. “धार सोडायचं बटण माझ्याकडे राहील. मी म्हणेन तेव्हाच.”

यदूचा अंगठा लाटेबरोबर हलकेच पुढेमागे होऊ लागला. मासोळी जागच्या जागी डुलत राहिली. चैत्रालीने पडद्यावरचं नेमाचं वर्तुळ पायाजवळच्या दोरावर नेलं. पण मासोळीच्या डुलण्याबरोबर वर्तुळही हलत होतं.

“नेम स्थिर ठेवायची सोय आहे यात?” तिने विचारलं.

“आहे. लक्ष्यसाहाय्यासारखीच. लावू?”

“लाव, आत्या. लवकर लाव!”

वर्तुळ शांत झालं. धार सुटली, दोर तुटला. मग दुसरा. कासवाने पाय झटकला, तशी चैत्राली ओरडली, “यदू, उजवीकडे!” आणि तो आधीच उजवीकडे निघाला होता. मानेजवळचा दोर सगळ्यात अवघड होता. कासव थांबेपर्यंत चैत्रालीने वर्तुळ त्यावर धरून ठेवलं. मग आत्याने बटण दाबलं.

जाळं सैल होऊन गळून पडलं. कासव थोडा वेळ तसंच राहिलं, आपण सुटलो हे त्याला पटतच नसावं. मग त्याने पुढचे दोन्ही पाय पसरले आणि ते वर निघालं.

“इला, इला! वर इला!” रेडिओवर पास्कूकाका आनंदाने ओरडले. “श्वास घेतला त्यानं!”

आत्याने डोळे पुसले. चैत्राली खाली मान घालून म्हणाली, “यदू, मी तुला लबाड म्हटलं. मला काही माहीतच नव्हतं.”

“मलाही कुठे होतं?” यदू म्हणाला. “मला वाटायचं, तुमचा माऊसच लबाडी करतो.”

दोघंही हसली. मग यदू कपाळाला आठ्या घालून पडद्याकडे बघत राहिला. “पण आत्या, मासोळी मंगळावर असती तर? तिथे संदेश पोचायलाच कितीतरी मिनिटं लागतात. आपण स्टिक सोडू, पण ती पळतच राहील.”

“माऊसचंही तेच होईल!” चैत्राली म्हणाली. “नेम धरेपर्यंत कासव भलतीकडेच. म्हणजे, मंगळावर कासव नसतं, पण... मग तिथे यंत्र कशाने चालवायचं?”

आत्या म्हणाली, “तिथे वेगही सांगत नाहीत आणि जागाही दाखवत नाहीत. काम सांगतात. ‘त्या खडकापाशी जा’ असं. कसं जायचं, ते यंत्राने बघायचं.”

“आणि ते चुकलं तर?”

“ते मलाही नीटसं माहीत नाही,” आत्या हसून म्हणाली. “तुमच्यापैकी कुणीतरी शोधून काढेल.”

चैत्राली आणि यदूने एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही चेहऱ्यावर सारखाच गोंधळ होता. मग दोघंही एकदमच उठली आणि उत्तर शोधायला सरावाच्या टाकीकडे धावली.