रिकाम्या खुर्चीला वाचून दाखवा

प्रबंध लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी एक सल्ला हमखास द्यायचो. प्रकरण झालं, की ते रिकाम्या खुर्चीसमोर मोठ्याने वाचा. जीभ अडखळली, की तिथलं वाक्य बिघडलंय समजा. आणि समोर कोणी नाही असं मानू नका. ऐकणाऱ्यात देव असतो.

ताईने ते मनावर घेतलं. सगळे संशोधक तिला ताईच म्हणत. दोन मुलं, नोकरी, सासूचं आजारपण सांभाळत ती इथवर आली होती. नोंदणीची मुदत शुक्रवारी संपत होती. त्याआधी प्रबंध दिला नाही, तर सगळी वर्षं पाण्यात.

माझ्या खोलीत खिडकीपाशी हिरव्या गादीची खुर्ची होती. मी वर्गावर गेलो, की ताई तिच्यासमोर वाचत बसे.

"सर, खुर्ची हुंकार देते हो," एकदा ती हसत म्हणाली.

"नशीबवान आहेस. माझ्या वर्गात तेवढंही कोणी देत नाही."

निष्कर्षाचं प्रकरण तर इतकं नेटकं उतरलं, की मी स्वल्पविरामही हलवला नाही. "सही कर आणि देऊन टाक," म्हणालो.

सोमवारी ती नवी पानं घेऊन आली.

"वाचून संपवलं, तर 'पुढे?' असं विचारलं."

"कोणी?"

तिने पानं माझ्यापुढे ठेवली. खुर्चीकडे तिने पाहिलंच नाही.

मंगळवारी आणखी पानं. आवाज बसलेला, डोळे खोल गेलेले. मी खुर्ची अडगळीच्या खोलीत टाकायला लावली. वर्गावरून परतलो, तर ताई खिडकीपाशी उभी राहून मोकळ्या फरशीला वाचून दाखवत होती.

"बाई गं, पुरे! पोरांकडे बघ. सही कर."

"कळतंय सर. पण ऐकणारं उठल्याशिवाय मी कशी उठू?"

शेवटी नवऱ्याने हाताला धरून तिला नेलं. जिना उतरतानाही ती वाचतच होती.

शुक्रवारी मी तिच्यासाठी मुदतवाढीचा अर्ज लिहिला. चार ओळींचा. खालच्या कचेरीत नेऊन द्यायचा, एवढंच काम. सवयीने मोठ्याने वाचला.

"हूं."

खिडकीपाशी कोणी नव्हतं. फरशीवर ऊन पडलं होतं.

मी शेवटची ओळ वाचली.

"पुढे?"

आवाज इतका मायेचा होता! उभ्या आयुष्यात माझं असं कोणी ऐकलं नव्हतं.

मी कोरा कागद ओढला.

खाली कचेरीला कुलूप लागल्याचं ऐकू आलं, तेव्हाही मी लिहीत होतो.