कोमट सलाईन

मंगळवारी दुपारी चार वाजता प्राण्यांचे डॉक्टर आमच्या मांजरीला कायमचं झोपवायला घरी आले. पाऊण तासाने ते निघून गेले तेव्हा मांजर जिवंत होती.

आमच्या घरात तीन म्हातारी माणसं आहेत आणि त्यातली दोन मांजरं, असं दादा म्हणायचा. चिंधी सतरा वर्षांची, तीन रंगांची, ठिगळं लावल्यासारखी. तिची किडनी निकामी होत आली होती. ढब्बू तिच्याहून लहान, पण ठार बहिरा आणि मागच्या पायांनी अधू. नाव पडलं तेव्हाचा ढब्बूपणा केव्हाच उतरून गेला होता. आणि आई. दीड वर्षापूर्वी तिची उजवी बाजू गेली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. अलीकडे तिचीही किडनी थकल्याचं डॉक्टर सांगत होते. "चला, दोघींना एकच पथ्य," मी म्हटलं तेव्हा आई अर्ध्या तोंडाने हसली होती.

मी एका दैनिकाची पानं लावते. संध्याकाळी घरूनच कामाला बसते, त्यामुळे दुपारची फेरी ठरलेली. आधी आईची कूस बदलायची, डायपर बघायचं, औषधं द्यायची. मग चिंधीचं सलाईन. हे शिरेतून द्यायचं नसतं. मानेमागची सैल कातडी चिमटीत उचलायची, तिच्याखाली सुई सरकवायची, बाटली पडद्याच्या दांडीला टांगायची. पाणी कातडीखाली साठून लिंबाएवढा मऊ फुगवटा येतो. तो हळूहळू खांद्याकडे ओघळतो आणि संध्याकाळपर्यंत जिरतो. बाटली आधी गरम पाण्यात ठेवून कोमट करायची, नाहीतर मांजराला हुडहुडी भरते. सुई काढली की ढब्बू लंगडत यायचा आणि ती जागा चाटत बसायचा.

मागच्या महिन्यात एके दुपारी तो आला नाही. शोधलं तर आईच्या पलंगावर सापडला. त्या पायांनी वर कसा चढला, देव जाणे. आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती आणि तो तिच्या मानेमागे चाटत होता. गाऊनचा गळा ओला झाला होता.

"ढब्बूराव, पेशंट चुकला," मी म्हणाले आणि त्याला उचलून खाली ठेवलं. कामाला लागले. विसरूनही गेले.

नंतरच्या आठवड्यात एक पान लवकर मागितलं गेलं. बाटली कोमट करायला वेळ नव्हता. एवढ्याने काय होतंय, असं म्हणत मी ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावरून उचलून तशीच टांगली. चिंधी सुईखाली ढिम्म बसली होती. शहारलीसुद्धा नाही.

"गार," आतल्या खोलीतून आई म्हणाली.

इतका स्वच्छ शब्द मी कित्येक महिन्यांत तिच्या तोंडून ऐकला नव्हता. चिमटा लावून नळी बंद केली आणि आत गेले. पंखा बंद होता. खिडकीतून पलंगावर ऊन येत होतं. आईच्या डाव्या हातावर काटा आला होता.

"काय गार, आई?"

"पाठ."

दुसऱ्या दिवशी बाटली नीट कोमट केली. मधलं दार उघडं ठेवलं. सुई आत गेली. चिंधी हलली नाही.

"टोचतंय," आतून आवाज आला.

यावर मला हसू यायला हवं होतं.

आईला अंघोळ घालायला सिस्टर येतात. एरवी सकाळी येणाऱ्या. त्या शुक्रवारी त्यांना दुपार झाली. नुकतंच सलाईन झालं होतं. त्यांनी आईला कुशीवर वळवलं आणि मला हाक मारली.

"ताई, हे काय आहे हो?"

आईच्या दोन खांद्यांच्या मधे, मानेखाली, मऊ फुगवटा होता. सिस्टरांनी बोटाने दाबला. तो पाण्याने भरलेल्या पिशवीसारखा हलला.

"पडून पडून येते सूज," त्या म्हणाल्या. मग पुन्हा दाबत, "पण काल नव्हती ना?"

मी बाहेर जाऊन चिंधीच्या मानेवरून हात फिरवला. कातडी सपाट होती. सुई काढून जेमतेम दहा मिनिटं झाली होती.

संध्याकाळपर्यंत आईची सूज उतरली. पुढच्या तपासणीत तिचे आकडे सुधारले होते. डॉक्टरांनी चष्मा वर करून कागद पुन्हा पाहिला. "छान. जे करताय ते चालू ठेवा," ते म्हणाले.

चिंधीला मात्र काहीच लागू पडत नव्हतं. तिने खाणं सोडलं. उचलली तर हातात नुसती हाडं लागायची. उठताना ती बारीक, गंजलेल्या कडीसारखा आवाज काढायची. तिला सोडवणंच बरोबर होतं, हे मला कळत होतं. सलाईन चुकवलं तर आईचं काय होतं, ते पाहण्याची मात्र हिंमत होत नव्हती.

रविवारी दादा आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं.

"आरशात तोंड बघितलंस का शेवटचं कधी?" तो म्हणाला.

"दादा, मी वेडी नाहीये."

"वेडी नाही, दमलीयस. हे घर आहे की दवाखाना? अगं, त्या जनावराचे किती हाल करशील? बास झालं. मी डॉक्टरांना बोलावतो. आईला मी स्वतः सांभाळतो त्या वेळी. मग तर झालं?"

मी हो म्हणाले. त्याचं एकही वाक्य खोडून काढता येण्यासारखं नव्हतं.

मंगळवारी दादा आत आईला भात भरवत होता. बाहेरच्या खोलीत डॉक्टरांनी चिंधीला टॉवेलवर घेतलं.

"हे पहिलं फक्त गुंगीचं," ते म्हणाले. "पाच मिनिटांत मान टाकेल. मग दुसरं. तिला काही कळणार नाही."

पाच मिनिटं झाली. दहा झाली. चिंधी बसून होती. डोळे उघडे, माझ्याकडे लावलेले. डॉक्टरांनी सिरिंज उजेडात धरून पाहिली.

"कमाल आहे. एवढ्याशा जिवाला एवढा डोस..."

"अगं, इकडे ये," दादा आतून म्हणाला. आवाज त्याचा वाटला नाही.

आईची मान एका बाजूला पडली होती. तोंड अर्धं उघडं. घास जिभेवर तसाच होता. दादाने बोट घालून तो काढला. तिला हलवलं, हाक मारली. श्वास चालू होता, पण खूप सावकाश.

मी बाहेर धावले. डॉक्टर दुसरी सिरिंज भरत होते.

"नको," मी म्हणाले.

"असं अर्धवट सोडू नका हो. तिला त्रास होतोय."

"दुसरं देऊ नका."

त्यांनी सामान आवरलं. आणि ते निघून गेले.

आई दिवेलागणीला जागी झाली. "दुपारी झोपतेच ती," दादा म्हणाला. पण तो रात्री घरी गेला नाही.

गुरुवारी सकाळी चिंधी आपणहून गेली. टोपलीत, भिंतीला पाठ लावून. डॉक्टर पुन्हा आले. बराच वेळ तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकत राहिले.

"गेली," ते म्हणाले.

मी आत पळाले. आई डोळे उघडे ठेवून पडली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. नाडी ठीक होती.

"बघ," दादा म्हणाला आणि पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. फावडं घेऊन तो मागच्या दारी खड्डा खणायला गेला.

दुपारपर्यंत आईचे ओठ फुटले. जीभ कोरडी पडली. चमच्याने दिलेलं पाणी ओठांच्या कडेने खाली ओघळत होतं. अंगातलं पाणी कमी झालं की नाही ते कसं पाहायचं, हे मला चिंधीच्याच डॉक्टरांनी शिकवलं होतं. मी आईच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली.

ती तशीच उभी राहिली.

सिस्टरांना फोन लावला. "हॉस्पिटलमध्ये हलवा," त्या म्हणाल्या. खड्ड्याचं काम टाकून दादाने गाडीची किल्ली घेतली.

"दहा मिनिटं थांब," मी म्हणाले.

पाणी गरम केलं. बाटली त्यात ठेवली. मनगटावर थेंब टाकून पाहिला. चिंधीची टोपली पडद्याच्या दांडीखाली ओढली.

दादा दारात उभा होता. हातांना माती.

कातडी सहज उचलली गेली. अंग अजून ताठलं नव्हतं. सुई सरकली.

"टोचतंय," आई म्हणाली.

दादा खाली बसला.

लिंबाएवढा फुगवटा आला. मी त्यावरून नजर हलवली नाही. मेलेल्या अंगात पाणी जिरत नाही. ते जिथल्या तिथे राहतं.

ते जिरलं.

ढब्बू माझ्या पायांवरून लंगडत आत गेला.

संध्याकाळी आईच्या हातावरची कातडी खाली बसली. तिने पाणी मागितलं. दोन घोट घेतले, नीट गिळले. दादाने किल्ली खिळ्याला अडकवली. मग मागे जाऊन खड्डा बुजवला. रिकामाच.

याला आज सहावा दिवस. सलाईन रोज कोमट करून देते. दादा बाटली धरतो. टोपलीला वास येत नाही.

आज सकाळी आईचं डायपर कोरडं निघालं. काल सकाळीही कोरडंच होतं. आई शांत झोपली होती, गालांवर थोडी तकाकीही होती. मग मी बाहेर येऊन चिंधीला उचललं. तिच्या अंगाखालचं फडकं ओलं होतं. मी त्यावर तळहात ठेवला.

गरम होतं.