वलांडीची मुदत

“अंगठा दे, वहिनी. मला साडेदहाच्या आत वखारीत पोचायचंय!”

सदानंदने शाईची डबी तिच्यापुढे सरकवली आणि नाकाला रुमाल लावला. भावजयीच्या अंगाला येणारा सुक्या बोंबलांचा वास त्याला हल्ली सोसवत नसे. त्या वासावरच त्याची फी भरली गेली, त्या वासातूनच त्याचे सदरे शिवले गेले, डहाणू रोडच्या लाकडाच्या वखारीतली कारकुनाची खुर्चीही त्याच वासाने मिळवून दिली... पण चार बुकं शिकलेल्या माणसाला एवढं मागचं कुठून आठवणार!

चंद्रावतीने डबीला हात लावला नाही. तिने दाराशी उभ्या असलेल्या मैनेकडे पाहिलं. मैना सुकी मासळी घेऊन उधव्याच्या बाजारापर्यंत जाणारी, नवऱ्यामागे दोन लेकरं पोसणारी बाई. आज तिचा गळा ओका दिसत होता.

मैनेला विकायचा होता तो वाळवणाच्या जागेवरचा हक्क. किनाऱ्यालगतची एका बागायतदार शेठची मोकळी जमीन तीन घरांनी मिळून बारा वर्षांच्या कराराने घेतली होती आणि वर्षाचे चार-चार महिने वाटून घेतले होते. दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचे सोन्यासारखे महिने चंद्रावतीच्या नवऱ्याच्या, काळूच्या वाट्याचे. बांबूंना दोऱ्या बांधून वलांड्या उभ्या करायच्या आणि त्यांवर बोंबील टांगायचे. काळूला समुद्राने नेलं त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून चंद्रावती एकटीच त्या उन्हात उभी होती. चांगली पाटाची मागणी आली होती तिला! पण पोरक्या दिराला कोण पाहील म्हणून तिने ती परतवली... आणि त्याच दिराला आता स्टेशनजवळ खोली हवी होती, कारण बायकोला, देवकीला, कोळीवाड्यात मळमळत होतं.

“सदा, इकण्याआधी कागदाची मुदत बघितलीस?” चंद्रावतीने विचारलं.

“त्यात काय बघायचंय? बारा हंगाम. दादा गेला ते सुतकाचं साल सोडलं तर अकरा झाले. एक उरला, आणि जागा ज्याच्या हाती त्यालाच शेठ पुढची मुदत देतो. सगळा वाडा असाच मोजतो!”

“वाडा मोजतो, कारण वाड्याला वाचता येत नाय. तुला येतं ना? वाच.”

“जाऊबाय, आता तुम्ही यांना वाचायला शिकवणार?” आतून देवकी फिसकन हसली.

सदानंदही हसला. गावंढळ बाईची समजूत काढावी तसा तो कागद उघडून मोठ्याने वाचू लागला. दुसऱ्या पानावर त्याचा आवाज अडखळला. तिथे हंगामाचं नाव नव्हतं, सुतकाचं तर नव्हतंच. सन एकोणीसशे एकसष्टच्या नारळी पौर्णिमेस मुदत संपेल, असं स्वच्छ लिहिलं होतं, आणि ती पौर्णिमा जाऊन दोन महिने उलटले होते. साहेबाच्या वखारीत ओंडक्या-ओंडक्याची नोंद ठेवणाऱ्या या विद्वानाने घरचा कागद बारा वर्षांत एकदाही उलगडला नव्हता!

मैना दारातून आत धावली. “सदाभाऊ... माजी गळ्यातली पोत दिली रं मी तुला! माज्या नवऱ्याची येवढी एकच खूण... माजी पोत परत दे!”

पोत कुठली असायला! ती सोनाराकडे मोडून खोलीची पागडी भरली गेली होती. सदानंदचा रुमाल नाकावरून कपाळावर गेला.

तेव्हा चंद्रावती उठली. तिने पत्र्याच्या पेटीतून दुसरा कागद काढला आणि त्याच्यापुढे टाकला. श्रावणात ती स्वतः शेठच्या दिवाणजीकडे गेली होती, जुना कागद वाचून घेतला होता आणि आपल्या अंगठ्यावर त्याच चार महिन्यांची पुढची सहा वर्षं मिळवली होती.

“म्हणजे आपल्या नावावर करून घेतलंत!” देवकी किंचाळली. “गुपचूप!”

“गुपचूप?” चंद्रावतीचे डोळे पेटले. “त्याच दिवशी हेच सांगाया धावत घरी आले होते. घरात पाव्हणे होते तुमचे. याने दार अर्धं उघडलं आणि बोलला, वहिनी, मागल्या दाराने ये! मग नाय सांगितलं.”

बोलता बोलता तिची नजर मैनेच्या ओक्या गळ्यावर गेली. आपण त्या दिवशी अपमान गिळून बोललो असतो तर या गरीब बाईची पोत वाचली असती... दिराचा तिटकारा करता करता आपणही काय करून बसलो!

“वहिनी, मला वाचव! मैना वखारीत ओरडत आली तर माझी नोकरी जाईल...” सदानंदने तिचे पाय धरले.

तिने पाय मागे घेतले. “चल, मैने. दिवाणजीकडे जाऊ. माजं नाव काढून तुजं घालू.”

“आणि तू काय खाशील, चंद्राबाय?”

“हात हायत मना. पण नव्या कागदावरची तारीख दुसऱ्या कुणाकडून वाचून घे. आमच्या घरातल्या शिकलेल्याकडून नको.” मग दिराकडे न बघता ती म्हणाली, “आणि तुज्यासाठी करते असं समजू नको. काळूच्या नावाला कुणी चोर बोलू नये, येवढंच!”

त्या साली चंद्रावती मैनेच्या वलांड्यांवर रोजाने बोंबील टांगू लागली. जिथे ती मालकीण होती तिथेच! वाडा हळहळला. सदानंद स्टेशनजवळच्या खोलीत राहायला गेला. त्याने घड्याळ विकलं, अंगठी विकली, आणि सोनाराने अजून न आटवलेले पोतीचे निम्मे मणी सोडवून मैनेच्या पदरात घातले. चंद्रावतीने ऐकलं आणि नुसती मान उडवली.

पौषातल्या एका रविवारी तो वाळूत येऊन उभा राहिला. “वहिनी...”

“उन्हात उभा राहून बोंबलांवर सावली कशाला पाडतोस? टोपली घे.”

तो बसला. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची, पाच वर्षांच्या पोरीला येतं ते काम, आणि याला जमेना! चौथ्या जोडीला माशाचा दात बोटात रुतला आणि रक्त आलं. चंद्रावतीने त्याचा हात ओढून घेतला आणि पदराचा शेव बोटावर घट्ट दाबला.

“काळूच्या भावाला बोंबील टांगता येत नाय!” ती तणतणली. “लोक माज्या तोंडात शेण घालतील... काय शिकवलंस पोराला म्हणून...”

पुढचे शब्द हुंदक्यात बुडाले. सदानंद लहान मुलासारखा रडत होता, आणि त्याने हात सोडवून घेतला नाही.

“मी... पुढच्या रविवारी येऊ, वहिनी?”

तिने डोळे पुसले.

“ये. पण ती इस्तरीची पाटलोण घालून येऊ नको. वास लागंल.”