कोऱ्या चकतीवरचा कापूस

आमच्या केंद्रात इंदूरची हवा तोलली जाते. शास्त्रज्ञ हवा तोलतात आणि मी, प्रशासन अधिकारी गजानन, शास्त्रज्ञांना तोलतो. फील्डच्या नावाखाली कोण सराफ्यात कचोरी खातो, कोणाला नेमका मीटिंगच्याच दिवशी ताप भरतो, सगळं मला तोंडपाठ. टेक्निशियन रुपाली यातल्या कुठल्याच खात्यात कधी बसली नाही. म्हणून तिच्याविरुद्ध तक्रार आली तेव्हा मी खुर्चीत सावरून बसलो.

काम तसं साधं. गच्चीवरचं यंत्र हवा ओढतं, आतल्या पांढऱ्या चकतीवर धूळ बसते. सोबत एक कोरी चकती डबीत सील करून न्यायची आणि न उघडता परत आणायची. ती कोरीच यायला हवी. नाही आली, तर नेणाऱ्याचा हात खराब.

रुपालीची कोरी चकती दर खेपेला मळून येत होती. तीही एकाच गच्चीवरून, बंद पडलेल्या कपडा मिलच्या मागच्या शाळेच्या.

"गजाननजी, हिचं काँट्रॅक्ट रिन्यू नाही होणार," डायरेक्टर प्रीती मॅडम म्हणाल्या.

"मी डबी उघडलीच नाही मॅडम, कसम से," रुपाली म्हणाली. "आणि ती धूळ नाहीये. मायक्रोस्कोपखाली बघितलं मी. कापूस आहे."

"मिल बंद होऊन जमाना झाला, रुपाली."

"तेच तर."

माझे बाबा त्याच मिलमध्ये होते. संध्याकाळी घरी आले की आई त्यांना दारातच उभं करायची आणि पंच्याने केस झटकायची. "अख्खी मिल घेऊन आलात की काय?" बाबा हसायचे, मग खोकायचे. खाली पडलेला कापूस वेचून, बोटांना दुधाचा हात लावून ती वाती वळायची. आमच्या देवांसाठी कापूस कधी विकत आला नाही. गल्ली तिला चिकट म्हणायची. माझा हिशेबीपणा तिचाच. बाबांना पुढे त्या खोकल्यानेच नेलं.

"या खेपेला डबी मी नेतो," मी म्हणालो. "माझीही मळली, तर रुपाली राहील."

"तुम्ही? जिना चढवेल का?" मॅडम हसल्या. पण सील त्यांनी स्वतः लावलं, वर सही केली.

गच्चीवर डिसेंबरची स्वच्छ दुपार होती. समोर बिनधुराची चिमणी, आवारात माजलेली बाभळ. यंत्र घुमत होतं. मी कठड्याला टेकलो आणि वास आला. मशीनचं तेल, आणि गरम सूत.

मी कारण शोधलं. खाली पिंजाऱ्याची गाडी नव्हती, गोदाम नव्हतं. सावरीचा कापूस उडायला अजून अवकाश होता. यंत्र बंद केलं. घुमणं थांबलं नाही. ते तळपायांतून वर येत होतं, लहानपणी बाबांचा डबा घेऊन मिलच्या गेटवर उभा राहायचो तेव्हा यायचं, तसंच.

खरं सांगायचं तर खाली उतरावंसं वाटेना.

लॅबमध्ये मॅडमनी सील तपासलं. शाबूत होतं. त्यांनी डबी उघडली.

चकती दिसलीच नाही. डबी कापसाने गच्च भरली होती.

मॅडमनी चिमट्याने थोडा कापूस उचलून बघितला, परत ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "रुपालीचं रिन्यू करा. आणि ते स्टेशन बंद."

दोन्ही कागदांवर मी सही केली. दुसऱ्यावर पेन जरा अडखळलं.

राजेंद्र नगरला घरी पोहोचलो तेव्हा ऊन कलत होतं. बेल वाजवली. बायकोने, नीरजाने, दार उघडलं आणि बघतच राहिली.

"तुम्ही परत बाहेर कधी गेलात? आत्ताच तर खोकत आत आलात!"

"मी?"

"मग कोण? मी किचनमध्ये होते, चाहा टाकला तुमचा." ती बाजूला झाली. "आणि वाती कुठून आणल्यात हो? छान वळल्यात."

मी देवघराशी गेलो. ताम्हनात वाती मांडल्या होत्या, आखूड, आई वळायची तशा.

एक उचलली. दुधाने अजून ओली होती.