जुन्या रांजणाची पळी

"यंदापासून ती पळी युरीच्या हाती दे," सासूबाई म्हणाल्या, आणि एरानचा हात रांजणाच्या तोंडावरच थबकला.

अंगणातल्या चौथऱ्यावरच्या रांजणांत हा सर्वांत लहान आणि सर्वांत जुना. अंदोंग गावातल्या या घराने पाच पिढ्यांचा आंबवलेला सोया-सॉस त्यात विरजणासारखा राखला होता. रोज उन्हात त्याचं दगडी झाकण उघडायचं, वसंतात नवा सोया गाळला की त्यात जुन्याची एक पळी घालायची, आणि हे सारं थोरल्या सुनेनेच करायचं, असा कुळाचा रिवाज. बावीस वर्षं एरानने तो पाळला होता... पूर्वजांच्या श्राद्धाची पानं मांडता मांडता कंबर गेली, दिराचं शिक्षण झालं, लग्न झालं, स्वतःची कूस मात्र रिकामी राहिली. तरी या एका पळीवर ती कृतार्थ होती. आणि आज ती चार वर्षांपूर्वी आलेल्या धाकटीच्या हातात...

"नको आई," युरी पुटपुटली. "तो जाऊबाईंचा मान आहे."

"मान-बिन मला शिकवू नकोस. धर."

एरानने पळी दिली. हसून दिली. पण छातीच्या मधोमध कुणी दगड ठेवल्यासारखं झालं.

तो दगड उतरेना. पंधरवड्यापूर्वी तिला ताप येऊन गेला होता, तेव्हापासून अंगात त्राण नव्हतंच. आता चार पायऱ्यांना धाप लागे, उताणं निजलं की जीव घाबरा होई. शेजारच्या माल्जाकाकूंनी मुळा चिरता चिरता निदान केलं. "हा आगीचा आजार गं. बायकांनी राग गिळला की छातीत पेटतो. माझ्या सासूने मला तीनदा दिला. डॉक्टर कशाला? नवऱ्याशी कडाकडा भांड, उतरेल."

एरानला पटलं. फक्त हा राग नव्हता, त्याहून हीन काही होतं. मत्सर... तिने व्रत धरलं. डोंगरावरच्या मंदिरात शंभर दिवस, रोज पहाटे एकशे आठ दंडवतं. गुडघे, कोपरं, कपाळ भूमीला टेकवून एकच मागणं, 'करुणामयी, ही आग विझव.' पण प्रत्येक दंडवताला मिटल्या डोळ्यांपुढे युरीचा गोरा हात येई, आणि त्यात ती पळी.

"जाऊबाई, पाय बघा तुमचे," एके दिवशी युरी म्हणाली. "मोज्याची कड रुतलीय."

"माझे पाय नको बघूस. तुझ्या रांजणाचं झाकण बघ, माशी बसली असेल."

एकोणिसाव्या दिवशी, साठाव्या दंडवताला, एरानचं कपाळ जमिनीवरून उचललंच जाईना. कुणीतरी काखेत हात घातला. मागोमाग चोरपावलांनी आलेली युरी.

"इथेही आलीस? हेही हवं का तुला?"

"हो, हेही हवंय. गळ्याला धरा."

आणि त्या किडकिडीत मुलीने तिला पाठुंगळी घेऊन डोंगराच्या पायऱ्या उतरायला सुरुवात केली...

"आगीचा आजार नाही हा," दवाखान्यात तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तापाचा विषाणू हृदयाच्या स्नायूपर्यंत गेला. स्नायू सुजलाय. सुजलेलं हृदय रक्त नीट ढकलू शकत नाही, म्हणून धाप, म्हणून पायांवर सूज. त्याला हवी विश्रांती, आणि तुम्ही त्याला रोज दंडवतं घालायला लावताय. अशा कष्टांनी ठोके बिघडून माणूस जातो, बाई. सहा महिने काही उचलायचं नाही."

"मग हे... मत्सराने नाही झालं?"

"मत्सराने हृदय सुजत असतं तर या गावाला खाटा पुरल्या नसत्या."

सासूबाई भाताची पेज घेऊन आल्या. चमच्याने ती ढवळू लागल्या.

"तापानंतर झाकण उचलताना तुझे ओठ पांढरे पडायचे. बघत होते मी. 'राहू दे' म्हटलं असतं तर तू मेली असतीस, पण झाकण सोडलं नसतंस. पळी जिच्या हाती, झाकणही तिचंच; म्हणून पळीच काढून घेतली."

एरानचे डोळे भरून आले. "सांगायचं तरी, आई..."

"मला कधी कुणी काय सांगितलं?" म्हातारीचा आवाज चिरकला. "खा."

उरलेलं व्रत युरीने उचललं. एक्याऐंशी दिवस! एरान अंथरुणातून तिची पावलं ऐके, आणि लाज वाटूनही मनात येई... माझं व्रतसुद्धा हिनेच पुरं करावं ना.

शंभराव्या दिवशी युरी लंगडतच परतली. ओसरीवर बसलेल्या एरानने तिचा पाय मांडीवर ओढला. गुडघा काळानिळा झाला होता. ती तेल चोळू लागली.

"काय मागितलंस देवीकडे?"

"मागायचं राहूनच गेलं, जाऊबाई. आकडा चुकू नये म्हणून मोजतच होते. चुकला की पुन्हा पहिल्यापासून घालायची."

एरानला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे कधी वाहू लागले ते तिला कळलं नाही.

"उद्या नवा सोया गाळायचा," ती म्हणाली. "झाकण तू उचल. आणि पळी..." छातीत काहीतरी टोचलं. दगड नव्हता तो; तिचा जुना, ओळखीचा मत्सर होता. तिने त्याला तिथेच राहू दिलं. "पळीही तूच धर. मी शेजारी बसून चुका काढते."