बायजाबाईचा हेल

मोबाइल आधी खाली ठेवा. पालथे ठेवा. मग सांगतो.

मोहित बुटीबोरीच्या पलीकडचा, आमच्याच गावातला. दिवसा कापडाच्या कारखान्यात मशीन चालवतो. त्याला जाऊन विचाराल तर तो सांगणार नाही. मला एकदाच सांगितलं.

दोन हजार चोवीस साल. सतरा जानेवारी, बुधवार. भजन मंडळाची पेटी शहरात, इतवारीत दुरुस्तीला दिली होती. ड्यूटी संपवून मोहित ती आणायला गेला. मोटारसायकलच्या मागे दोरीने बांधली, तिथेच महाल भागात भैय्याजींकडे दोन पोळ्या खाल्ल्या आणि साडेदहाला गावाकडे निघाला.

भैय्याजी त्याचे गुरू. मोहितचा गळा स्वच्छ, सूर कधी हलत नसे. पण त्याचं भजन ऐकून कोणाचे डोळे ओले झाले नाहीत. बाया मधूनच उठून चहा ठेवायला जात. भैय्याजी तोंडावर म्हणत, "गळा हाय गा तुया. आत काईच जळत नाही. लोकाइजवळ बस. त्याइचं दुःख ऐक."

मोहितने ऐकायचं तेवढं घेतलं. बसायचं सोडलं.

दिवाळीनंतर गावातल्या बायजाबाईची एकुलती एक पोरगी, भावना, तापाने गेली. आपल्याकडे मयतीला बाया गेलेल्या माणसाशी बोलत बोलत, हेल काढून रडतात. बायजाबाई लेकीच्या उशाशी बसून रडली. "तुयी ओढणी दोरीवर तशीच हाय वं, भावने... वाळली वं..." सगळा गाव मान खाली घालून उभा होता. मोहितही होता. त्याच्या खिशात मोबाइल रेकॉर्डिंग करत होता.

नऊ मिनिटं. दोन महिने त्याने ती नऊ मिनिटं कानात घालून घोटली. बाई कुठे थांबते, श्वास कुठे तुटतो, कोणत्या अक्षरावर गळा फाटतो. संक्रांतीच्या आदल्या दिवशी महालात भजन स्पर्धा होती. तिथे तो हेल त्याने भजनात जसाच्या तसा घातला. अख्खा मंडप रडला. पहिला नंबर मिळाला.

गावच्या बायांनी बायजाबाईलाही सोबत नेलं होतं, तेवढंच मन रमेल म्हणून. ती मंचापाशी आली.

"हे मायं रडणं होतं, मोहित. भावनेसाठी होतं."

"काकू, थे कला हाय."

"तू कोनासाठी रडला?"

तो हसला. गळ्यात हार होता. फोटो काढायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायजाबाई अंथरुणातून उठलीच नाही. मोहित तिच्या मयतीला गेला नाही. कुठे तरी सत्कार होता म्हणे.

तर बुधवारची ती रात्र. मोठा रस्ता सोडून तो गावच्या रस्त्याला लागला. अकरा वाजून वीस मिनिटं. नाल्यापाशी मागून पेटीचा एक सूर निघाला. बारीक. लांब.

त्याने गाडी थांबवली. उतरून पाहिलं. भाता बंद. दोरी घट्ट. झाकणाला कडी.

सूर चालूच.

मग थांबला. आणि त्याच पट्टीत कोणी तरी बोललं. कानाशी.

"अर्धंच शिकला तू."

त्याने मागे पाहिलं नाही. आवाज ओळखीचा होता.

"माया तोंडी भावनेचं नाव होतं. तुया तोंडी कोनाचं?"

"सांग ना, मोहित."

त्याने ओठ दाबले. जीभ दातांत धरली. घरी सहा वर्षांची लेक होती. तिचं नाव द्यायचं नाही. एवढंच. रक्ताची चव आली तरी तोंड उघडलं नाही.

मग ते आपलं आपण उघडलं.

"पिंकी."

नंतर काही नाही. नाल्याचं पाणी...

घरी पिंकी गोधडीत झोपली होती. त्याने नाकापाशी बोट धरलं. श्वास नीट. त्याची बायको मिनल जागी झाली. "काहून असे पाहून राह्यले तिच्याकडं?"

अंगणात येऊन त्याने मोबाइल काढला. जुनं रेकॉर्डिंग नव्हतं. त्याच्या जागी दुसरं होतं. अकरा वीसचं. तेही नऊच मिनिटांचं.

लावलं. आवाज त्याचाच. फाटलेला. त्यात घोटलेलं काहीच नव्हतं.

"पिंके... तुयी निळी सायकल अंगणात तशीच हाय वं... चाकाचा चिखलबी वाळला नाही..."

घरात सायकल नव्हती.

त्यानंतर मोहित गायला नाही. घरात सायकल येऊ दिली नाही. पिंकी आठ वर्षांची झाली, तरी शाळेत तोच सोडतो, तोच आणतो.

या उन्हाळ्यात मिनलचा भाऊ आला. टेम्पोतून भाचीसाठी सायकल घेऊन. निळी. मोहित म्हणाला, परत ने. पोर रडली, मिनल भांडली, मेव्हणा रुसला. कारण सांगायची मोहितची हिंमत झाली नाही. सायकल राहिली. तेव्हापासून तिला कुलूप आहे, आणि किल्ली मोहितच्या गळ्यातल्या दोऱ्यात. रोज संध्याकाळी तो फडकं घेऊन बसतो. चाकं पुसतो. मी पाहिलंय.

काल पहाटे मी त्याच्या दारावरून गेलो. घर झोपलेलं. महिनाभर पाऊस नाही, अंगण कोरडं ठणठणीत. सायकल कुलपात उभी होती.

दोन्ही चाकांना ओला चिखल होता.