लिंडनरच्या बंदुकीची अट

कर्ट लिंडनरने पत्राची नक्कल टेबलावर आपटली आणि क्लाइव्हचं नाव घेतलं. वकील डेस्मंड पाइकला ते लगेच पटलं.

कर्ट क्वीन्सलँडच्या मेंढीरानांत जंगली कुत्री मारायचं काम करी. ‘नऊ तारखेला लिंडनरच्या घरात बंदूक सुटली,’ असं निनावी पत्र पोलिसांना गेलं आणि त्याच्या परवान्यावर अट आली: बंदुकीचा बोल्ट चौकीत राहील, कामापुरताच मिळेल. बोल्टशिवाय बंदूक म्हणजे नुसती नळी. अट रद्द करण्याचा अर्ज उद्या न्यायाधिकरणापुढे होता. कर्ट म्हणे, गोळी सुटलीच नाही. कुंपणावरून भांडणाऱ्या शेजाऱ्याने, क्लाइव्हने, डाव साधला.

डेस्मंडने खासगी तपासनीस थेल्मा वारकोला सोबत घेतलं.

कर्टच्या स्वयंपाकघरात छपराच्या पत्र्याला भोक होतं. गारांनी पडलं, तो म्हणाला. थेल्मा खालच्याच खुर्चीवर चढली, भोकाची कड चाचपली आणि उतरली.

क्लाइव्हचं घर सहा किलोमीटरवर. पाय मोडून तो सात ते पंधरा तारखेपर्यंत इस्पितळात होता. कर्टची बायको वारल्यापासून भांडण सोडलंय, असं तो ओशाळून म्हणाला.

कर्टची मुलगी इल्सा गावात राही. महिनाभर बाबांकडे गेलेच नाही, ती म्हणाली. दारात कर्टची शिकारी कुत्री पहुडली होती. आठ तारखेला बाबाच सोडून गेले, म्हणाले सांभाळ.

“कुणी वाटसरूने आवाज ऐकला असेल,” गाडीत डेस्मंड म्हणाला.

“गोळी घरात सुटली, हे वाटसरूला कसं कळलं?”

दुपारी थेल्माने बापलेकीला डेस्मंडच्या ऑफिसात बसवलं.

“गार पडली तर पत्रा आत वाकतो. हा बाहेर वाकलाय. गोळी खुर्चीवरून सरळ वर गेली, कर्ट. चुकून सुटली म्हणावं, तर आदल्या दिवशी कुत्री का देऊन टाकलीत? कामावर निघालेला शिकारी तिला बरोबर नेतो. तुम्ही तुमच्या मागे तिची सोय लावलीत. तुमच्या मनातलं ज्या एका माणसाला कळलं, तेच दुसऱ्या दिवशी धावत आलं.”

इल्सा मान खाली घालून बोलली. “दारात पोचले आणि आवाज झाला. खिडकीतून तुम्ही रडताना दिसलात, बाबा. आत यायचा धीर झाला नाही. बंदूक तुमच्या हाती राहू नये म्हणून पत्र लिहिलं.”

कर्टने पत्राची नक्कल उचलून तिची घडी घातली.

“अर्ज मागे घ्या, पाइक,” तो म्हणाला.

सकाळी न्यायाधिकरणात डेस्मंड उभा राहिला आणि अर्ज मागे घेत असल्याचं त्याने सांगितलं. अध्यक्षांनी कारण विचारलं.

मागच्या बाकावर इल्साने बापाची बाही घट्ट धरली होती.

“अट बरोबर आहे,” डेस्मंड म्हणाला आणि खाली बसला.